बत्ती जळते, मोटर ऐकत नाही

तेलंगणात 1 जानेवारी 2018 पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज मिळू लागली. त्याआधी वीज कधीही यायची, म्हणून शेतकऱ्यांनी पंपाला ऑटो-स्टार्टर लावून ठेवले होते; वीज आली की मोटर आपोआप सुरू. चोवीस तास वीज झाल्यावर हेच स्टार्टर बोअर कोरडे पाडणार, तेव्हा ते काढा, असं सांगायची पाळी सरकारवर आली. शेतकऱ्याच्या मोबाइलवरून हुकूम घेणारे डबे तसे आधीपासून बाजारात होते, पण आता त्यांना खरी किंमत आली. हैदराबादमधल्या चर्लापल्लीच्या एका लहान कारखान्याचा असाच एक डबा माझ्या टेबलावर आला. मी सुटी कामं घेणारा फर्मवेअरवाला, त्यामुळे माझ्याकडे येतं ते बहुधा दुसऱ्याचं बिघडलेलंच.

आत जीएसएम मोडेम, रिले आणि एसटीएम32एफ103 ही चिप. फ्लॅश 64 केबी, रॅम 20 केबी. मोबाइलवरून काढलेला एक फोटोसुद्धा या रॅममध्ये मावायचा नाही. त्यावर फ्रीआरटीओएस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चालत होती. डबे मदनूर-जुक्कलच्या पट्ट्यात, म्हणजे देगलूरच्या अलीकडे बसवलेले. तिथून परतलेल्या टेक्निशियनने एका ओळीत रोगाचं वर्णन केलं, "साब, बत्ती तो जलरी, मोटर सुनरी नै."

इतकं नेमकं वर्णन मला आजवर कुठल्या इंजिनिअरने दिलेलं नाही. बत्ती लुकलुकवणारी टास्क जिवंत, मोटरची टास्क मुकी. म्हणजे सिस्टिम कोसळलेली नाही, तिचा एक अवयव गेला आहे. वीज घालवून पुन्हा दिली की सगळं ठीक, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

कारण निघालं रिचार्ज संपत आल्याची सूचना देणारा मेसेज. तो तेलुगूत यायचा. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात; तेलुगू किंवा देवनागरीत 70, कारण प्रत्येक अक्षर दोन बाइटचं होतं. आणि मोडेम ते अक्षर चार आकड्यांच्या हेक्समध्ये हातात देतो, म्हणजे 70 अक्षरांचे 280 आकडे. लिहिणाऱ्याने हे ओळखून 300 बाइटचा बफर ठेवला होता. त्याची अक्कल इथवर शाबूत होती. मेसेज इंग्रजी नसेल तर हेक्स उलगडणारं दुसरं फंक्शन चाले, त्याचा स्वतःचा 140 बाइटचा बफर. त्यात भर टास्क बदलताना चिप जपून ठेवते त्या सोळा रजिस्टरांची, 64 बाइट. बेरीज 504. मेसेज वाचणाऱ्या टास्कला दिलेला स्टॅक, म्हणजे तिच्या कामापुरती राखीव मेमरी, होती 512 बाइट.

उरलेल्या आठ बाइटांत एखादं लायब्ररी फंक्शन कसं चालणार? स्टॅक खाली घसरला आणि शेजारच्या मेमरीत शिरला. तिथे योगायोगाने मोटरच्या हुकमांची क्यू होती. ती बिघडली, आणि मोटर ऐकेनाशी झाली. इंग्रजी मेसेजला हे होत नसे, म्हणून कारखान्यातल्या चाचणीत कधी सापडलंच नाही. चाचणीवाले "ON" आणि "OFF" पाठवून डबे पास करत होते.

हे 512 आले कुठून? नमुना प्रोग्रॅममधून. तिथे टास्क बनवताना 128 लिहिलेलं असतं, आणि मूळ फ्रीआरटीओएसमध्ये हा आकडा बाइटांचा नसून शब्दांचा असतो. या चिपवर शब्द चार बाइटांचा. गंमत अशी, की इएसपी32 या दुसऱ्या चिपच्या संचात तोच आकडा बाइटांत मोजतात. मूळ फ्रीआरटीओएसचा कोड तिकडे नेला की स्टॅक एक चतुर्थांश होतो, आणि कंपायलर हूं की चूं करत नाही.

यात ऑपरेटिंग सिस्टिमला बोल लावता येत नाही. स्टॅक भरल्याचं ओळखण्याची सोय तिच्यात आहे, पण तुम्ही मागितल्याशिवाय ती चालू होत नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये स्टॅक तपासणी 2 वर ठेवली, तर ती प्रत्येक टास्कच्या स्टॅकमध्ये आधी एक ठरावीक खूण भरून ठेवते आणि टास्क बदलताना शेवटचे 16 बाइट शाबूत आहेत का ते बघते. कोणत्या टास्कचा स्टॅक आजवर कमीत कमी किती शिल्लक राहिला, हे विचारायचं फंक्शनही आहे. कॉन्फिग-असर्ट नावाचा तिसरा पहारेकरी आहे. कॉर्टेक्स-एम चिपवर इंटरप्टच्या प्राधान्याचा आकडा जितका लहान तितका त्याचा मान मोठा. हे उलटं गणित विसरून शून्य प्राधान्याच्या इंटरप्टमधून क्यूला हात घातला, तर तो तिथल्या तिथे गचांडी धरतो. हे तिन्ही पहिल्या दिवशी चालू करा. वेग कमी होतो म्हणून बंद करणारे भेटतात. पंपाच्या डब्यात कसला वेग वाचवायचा असतो ते मला अजून कळलेलं नाही.

सोय असून बंद ठेवण्याचा आजार फुकटच्या सॉफ्टवेअरपुरता नाही. जुलै 1997 मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान सारखं रीसेट होऊ लागलं. त्यावरची व्हीएक्सवर्क्स ही विकत घ्यायची सिस्टिम. हवामानाची एक दुय्यम टास्क सामाईक साधन धरून बसली, मधल्या दर्जाच्या टास्कांनी तिला पुढे सरकू दिलं नाही, आणि वरच्या प्राधान्याची महत्त्वाची टास्क खोळंबली. अशा वेळी अडवणाऱ्याला तात्पुरतं वरचं प्राधान्य देण्याची सोय सिस्टिममध्ये होती, पण त्या जागी बंद ठेवलेली. पृथ्वीवरून ती चालू केली आणि यान सुधारलं. फ्रीआरटीओएसमध्ये ही सोय म्युटेक्सला आहे, बायनरी सेमाफोरला नाही. दोन्ही वापरायला सारखेच दिसतात, म्हणून कोडमध्ये हे एकदा शोधून बघाच.

मला सर्वांत जास्त राग आला तो वॉचडॉगच्या जागेवर. चिप अडकली तर तिला रीसेट करणारा हा पहारेकरी. त्याला वेळोवेळी "मी जागा आहे" असं कळवावं लागतं. ते काम इथे बत्ती लुकलुकवणाऱ्या टास्ककडे होतं. मोटरची टास्क मेली तरी बत्तीवाली इमानाने हजेरी लावत राहिली. प्रत्येक टास्कने आपली खूण टाकावी, सगळ्या खुणा जमल्या तरच वॉचडॉगला कळवावं. एवढं असतं, तर स्टॅकचा घोळ राहूनही डबा स्वतः रीसेट झाला असता आणि शेतकऱ्याला बहुधा कळलंही नसतं.

वेळेचा एक सापळा वेगळा सांगतो. मिलिसेकंद मोजणारा 32 बिटांचा काउंटर 49.7 दिवसांनी शून्यावर येतो. सिस्टिमची स्वतःची डिले फंक्शनं हे सांभाळून घेतात. तुम्ही लिहिलेलं "आताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी आहे का" मात्र त्या दिवशी दगा देतं. वजाबाकी करून किती काळ गेला ते बघा. पन्नास दिवस वाट बघायची नसेल तर काउंटर शून्याच्या अलीकडे एक मिनिट ठेवून डबा सुरू करायचा.

सिस्टिम कोणती निवडावी, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यावर बोलण्यासारखं सर्वांत कमी आहे. वीस केबी रॅममध्ये लिनक्सचं नाव काढू नका. एमएमयूशिवायचा लिनक्ससुद्धा मेगाबाइटांत रॅम मागतो. झेफर 2016 पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे, त्यात ड्रायव्हर भरपूर, पण शिकायला वेळ काढावा लागतो. पुढे चिप बदलायची शक्यता असेल तर तो वेळ वसूल होतो. परवाना मात्र वाचा. फ्रीआरटीओएस 2017 साली आवृत्ती 10 पासून एमआयटी परवान्यावर आली, झेफर अपाची 2.0 वर आहे, दोन्ही धंद्याला सोयीचे. रायट ही आणखी एक सिस्टिम एलजीपीएल 2.1 वर आहे. सगळं मिळून एकच फर्मवेअर बनत असेल, तर ग्राहकाला ते नव्याने जोडता यावं एवढा ऐवज द्यावा लागतो, आणि लहान कारखानदाराला हे माल विकल्यावर समजून उपयोग नाही.

मी राहतो ते ए. एस. राव नगर ज्यांच्या नावाने वसलं, त्या अय्यगारी सांबशिव रावांनी 1967 मध्ये इथे इसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी उभी केली, आणि इसीआयएलने टीडीसी-12 हा संगणक बनवला. त्या पिढीला मेमरी मोजूनच वापरावी लागायची. आज नांदेड-लातूरहून एम्बेडेड शिकायला अमीरपेटला उतरणाऱ्या पोरांना बऱ्याच ठिकाणी रास्पबेरी पायवर लिनक्स शिकवतात. तिथे रॅम अमाप, त्यामुळे मोजायची सवयच लागत नाही. तेव्हा फी भरायच्या आधी शिकवणाऱ्या सरांना एवढंच म्हणा, की सर, स्टॅक स्टॅटिक ठेवलेल्या एखाद्या प्रोग्रॅमची मॅप फाइल उघडा आणि कोणत्या टास्कचा स्टॅक कुठे बसलाय, त्याच्या शेजारी काय आहे, ते दाखवा. सर घड्याळाकडे बघू लागले तर जिना उतरा. अमीरपेटला मैत्रीवनमच्या आसपास क्लासांची वाण नाही.