शिडाच्या नौकेवरील विजेचा जमाखर्च

शिडाची नौका वाऱ्यानें चालते, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु दूरच्या प्रवासांत ती रात्रीं इतरांस दिसते, किनाऱ्याशीं बोलते आणि आपला ठिकाणा जाणते ती विजेच्या साह्यानें, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. किनारा मागें पडला म्हणजे विजेच्या तारांचा संबंध सुटला. मग जी वीज आपण उत्पन्न करूं व सांठवूं तेवढीच आपली. असा हा संसार कसा चालवितात, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

वीज सांठविण्याचें साधन बॅटरी होय. तिला धान्याच्या कणगीची उपमा शोभेल. कणगीचें माप पायलीनें होतें, तसें बॅटरीचें माप ॲम्पिअर-तासांनीं होतें. एक ॲम्पिअर प्रवाह एक तास वापरला, म्हणजे एक ॲम्पिअर-तास खर्च झाला. आतां १२ व्होल्टच्या एका लहान नौकेचा अहोरात्र प्रवासांतील खर्च उदाहरणादाखल मांडूं:

डोलकाठीवरील एल. ई. डी. दिवा, पाव ॲम्पिअर, १२ तास : ३
खोलींतील दिवे, १ ॲम्पिअर, ४ तास : ४
रेडिओ व मार्गदर्शक उपकरणें, १ ॲम्पिअर, २४ तास : २४
फ्रीज, ४ ॲम्पिअर, थांबत थांबत १२ तास : ४८
स्वयंचलित सुकाणू, सरासरी ३ ॲम्पिअर, २४ तास : ७२
एकूण : १५१ ॲम्पिअर-तास

याचा अर्थ १५१ ची बॅटरी पुरेल असा नव्हे. शिसें व गंधकाम्ल यांची बॅटरी रिकामी होऊं लागली, म्हणजे तिच्या पट्ट्यांवर एक क्षार धरतो. ती लवकर भरली तर तो विरून जातो. तशीच पडून राहिली तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि बॅटरीची शक्ति कायमची घटते. म्हणून जाणते खलाशी अशी कणगी अर्ध्याखालीं उतरूं देत नाहींत. कांहीं तास विसावा दिलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.७ व्होल्ट असला तर ती पूर्ण भरलेली, आणि सुमारें १२.२ असला तर अर्धी समजावी. अवघ्या अर्ध्या व्होल्टांत अर्धी कणगी सरते, हें विसरूं नये! लिथियमच्या नव्या बॅटऱ्या याहून अधिक खोल उतरल्या तरी चालतात व वजनानें हलक्या असतात. परंतु त्या महाग असून त्यांस भरण्याची नियंत्रित व्यवस्था लागते.

खर्च झाला तेवढेंच परत घालून भागत नाहीं. भरतांना कांहीं वीज उष्णतेंत व रासायनिक क्रियेंत वायां जाते. शेंकडा १५ घट धरली, तर १५१ च्या जागीं सुमारें १७४ ॲम्पिअर-तास घालावे लागतील. ४०० वॅटांचे सोलर पॅनल स्वच्छ उन्हांत दिवसाकाठीं सुमारें १२० देतील. आणि शिडाची सावली पॅनलच्या लहानशा भागावर पडली तरी उत्पन्न पुष्कळच घटेल. तूट भरण्यास इंजिन चालवावें, तर तेल जळतें. शिवाय बॅटरी प्रथम झपाट्यानें भरते आणि शेवटचा पांचवा हिस्सा अतिशय मंद गतीनें घेते. यास्तव इंजिन चालविणें भागच असेल, तर तें सकाळीं थोडा वेळ चालवावें, आणि उरलेलें सावकाश काम दिवसभर सूर्याकडे सोंपवावें.

परंतु सर्वांत शहाणपणाचा मार्ग निराळाच आहे. कोष्टकाकडे पुन्हां पाहा. सर्वांत मोठा खर्च सुकाणूचा आहे. त्याच्या जागीं वाऱ्याच्याच बळानें सुकाणू धरणारें यंत्र बसविलें, तर खर्च ७९ वर येतो. घट धरून सुमारें ९१ भरावे लागतात. आणि स्वच्छ दिवशीं तितकें काम एकटा सूर्य करतो. उत्पन्न वाढविण्यापूर्वीं खर्चाकडे पाहावें, हा नियम संसाराप्रमाणें नौकेसही लागू आहे.

आणखी एक नियम आहे. इंजिन सुरू करण्याची बॅटरी अगदीं निराळी ठेवितात व दिव्यांकरितां तिला हात लावीत नाहींत. शहाणा शेतकरी उपासमारींतही पेरणीचें बीं खात नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. वादळांत खडकाकडे वाहत जाण्याची वेळ आली, तर तेंच बीं प्राण वांचवितें.

वीज उपयोगी, तशीच बेपर्वाईस क्षमा न करणारी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत कोठेंही न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिलेच. त्यांची 'सुहैली' ही ३२ फुटांची सागवानी नौका आपल्या मुंबईंत बांधलेली होती. या प्रवासांत बॅटऱ्यांचें काम करतांना अम्ल उडून त्यांच्या डोळ्यांत गेलें. पुढें त्यांचा रेडिओ संदेश पाठवीनासा झाला आणि कित्येक महिने जगास त्यांची वार्ता नव्हती. वाऱ्यावर चालणारें सुकाणूयंत्रही मोडलें. तेव्हां शिडांचा तोल साधून त्यांनीं नौका घरीं आणली. साधन मोडलें तरी विद्या मोडत नाहीं, हाच यांतील बोध.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर असेल. त्याचीही बॅटरी बहुधा याच जातीची असते. भरतांना तिच्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो. म्हणून तेथें वारा खेळता असावा व काडी ओढूं नये. तिच्यांत पाणी घालावयाचें तें शुद्ध केलेलेंच, आणि तें काम वडील माणसांनीं डोळ्यांवर चष्मा लावून करावें. मुलांनीं मात्र एका रविवारीं घरांतील दिवे-पंख्यांचे वॅट व तास लिहून बेरीज करावी, आणि ती आईबापांस दाखवावी. कोणता दिवा विनाकारण जळत होता, तें मग कोणीं सांगावें लागणार नाहीं.