वेटोळ्यांतील सांठा



एकदां आमच्या प्रयोगशाळेंत विजेच्या घंटेचें वेटोळें घटास जोडून प्रयोग चालला होता. तार सोडवितांना एका विद्यार्थ्याचीं बोटें वेटोळ्याच्या दोन्ही टोंकांस लागलीं होतीं. त्यास चांगलाच झटका बसला. घट अवघा १.५ व्होल्टचा. त्याचीं टोंकें खुशाल हातांत धरावीं, कांहींच जाणवत नाहीं. शिवाय झटका तार जोडतांना बसला नाहीं, सोडवितांना बसला. तो आला कोठून, हें आज आपण पाहूं.

१८३१ सालीं मायकेल फॅरडे यानें दाखविलें कीं, वेटोळ्यांतील चुंबकीय क्षेत्र बदललें म्हणजे त्यांत विद्युद्दाब उत्पन्न होतो. वेटोळ्याचें स्वतःचें क्षेत्रही याच नियमानें स्वतःच्या प्रवाहांतील बदलास विरोध करितें. यास स्वप्रवर्तन म्हणतात. अमेरिकेंतील जोसेफ हेन्री यानें १८३२ सालीं याचें वर्णन प्रसिद्ध केलें. म्हणून प्रवर्तकतेच्या मापास 'हेन्री' हें नांव आहे.

भरलेली बैलगाडी हलविण्यास बैलांस जोर लागतो. पण ती एकदां वेगांत आली म्हणजे थांबविणेंही तितकेंच अवघड. वेटोळ्यांतील प्रवाहाचें तसेंच आहे. त्याच्या चुंबकीय क्षेत्रांत ऊर्जा सांठलेली असते. प्रवाहाच्या वर्गास प्रवर्तकतेनें गुणून निम्में केलें म्हणजे ती ऊर्जा ज्यूलमध्यें मिळते. प्रवाह दुप्पट झाला, तर सांठा चौपट होतो.

लीडनच्या बरणींतही विजेचा सांठा होतो. परंतु तो स्वस्थ बसलेला असतो व मार्ग जोडला म्हणजे बाहेर पडतो. वेटोळ्यांतील सांठा वाहत्या प्रवाहाच्या आश्रयानें राहतो आणि मार्ग तोडला म्हणजे बाहेर पडूं पाहतो. प्रवाह जितक्या झटकन तोडावा, तितका विद्युद्दाब अधिक. आमच्या विद्यार्थ्यास झटका दिला तो वेटोळ्यानें, घटानें नव्हे.

याचा उपयोग पेट्रोलच्या मोटारींत होतो. समजा, ठिणगीच्या वेटोळ्याची प्रवर्तकता ०.००८ हेन्री आहे व त्यांत ४ अँपिअर प्रवाह वाहत आहे. सांठा झाला ०.०६४ ज्यूल. १२ व्होल्टची बॅटरी या प्रवाहाच्या वेळीं फक्त ४८ वॅट देते. पण तोच प्रवाह सेकंदाच्या दहाहजाराव्या भागांत तोडला, तर सांठा सरासरी ६४० वॅटच्या वेगानें बाहेर पडतो. सावकाश सांठवावें व क्षणांत खर्चावें, हेंच स्पंदशक्तीचें तत्त्व.

यांत सर्वांत कठीण काम प्रवाह तोडणाऱ्या कळेचें. कळ उघडतांच फटींतून ठिणगी उडते व प्रवाह त्या ठिणगीच्या वाटेनें वाहूं पाहतो. जुन्या मोटारींत त्या फटीशीं म्हणूनच कंडेन्सर जोडीत.

सांठा मोठा झाला म्हणजे ही वाट किती महत्त्वाची ठरते, हें जिनिव्हाजवळ दिसलें. तेथें २७ किलोमीटर घेराच्या भुयारांत मूलकणांच्या अभ्यासासाठीं मोठें यंत्र उभारलें आहे. त्याच्या प्रत्येक मुख्य चुंबकांत पूर्ण प्रवाहाच्या वेळीं सुमारें ७० लक्ष ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेनें एक टन वजन सुमारें ७०० मीटर उंच नेतां येईल. संकट आल्यास ती पोलादी रोधांत उष्णतेच्या रूपानें जिरविण्याची सोय केलेली आहे. परंतु १९ सप्टेंबर २००८ रोजीं, चांचणीच्या वेळीं, दोन चुंबकांमधील एक सांधा निकामी झाला. प्रवाहानें तेथेंच ठिणगीची वाट धरली, हेलियमचें वेष्टण फुटलें, कित्येक टन हेलियम बाहेर पडला व जड चुंबक जागचे हलले. भुयारांत त्या वेळीं कोणी नसल्यानें इजा झाली नाहीं. पण यंत्र पुन्हां सुरू होण्यास नोव्हेंबर २००९ उजाडला. एवढा अनर्थ एका सांध्यानें केला!

मित्रहो, पुढील प्रयोग शिक्षकांसमक्षच करा. घंटेच्या वेटोळ्याच्या टोंकांशीं टेस्टरमधील निऑनचा लहान दिवा जोडा. उघड्या तारेस हात न लावतां कळेनें प्रवाह तोडा. १.५ व्होल्टच्या घटानें जो दिवा कधींच पेटत नाहीं, तो त्या क्षणीं चमकून जाईल. पालकांसही आमची विनंती आहे कीं, घरीं चालत्या पंख्याचा प्लग मुलांस ओढूं देऊं नये. आधीं बटण बंद करण्याची संवय लावावी. वाहता प्रवाह तोडण्यापूर्वीं त्यांतील सांठा कोणत्या वाटेनें जाणार, हें ज्यास सांगतां येतें, त्यास हा पाठ समजला.