तलावातील मासळीचे पीक : बीज किती सोडले याहून केवढे सोडले हे महत्त्वाचे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगावी जुने तलाव आहेत. कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी भाताच्या पाण्यासाठी बांधलेले हे तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. 1950 च्या कायद्यान्वये मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाकडे आले. या तलावांचे पाणी भातपिकास मिळते, तद्वतच त्यांतील मासळीवर ढिवर बांधवांची व त्यांच्या सहकारी संस्थांची उपजीविका चालते. संस्था ठेक्याची रक्कम भरते, पावसाळ्यात मत्स्यबीज विकत घेऊन तलावात सोडते आणि उन्हाळ्यात जाळे टाकते. पुष्कळदा जाळ्यात सोडलेल्या बीजाचा अल्प अंशच येतो. असे का घडते, व त्यावर उपाय कोणता, याचा विचार येथे केला आहे.

बीज दरवर्षी का सोडावे लागते

कटला, रोहू व मृगळ हे मासे मूळचे नदीचे होत. पावसाळ्यात नदीस पूर आला म्हणजे वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात. तलावाच्या साचलेल्या पाण्यात ते चांगले वाढतात, परंतु अंडी घालीत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे व त्यात निरुपयोगी माशांचे बीजही मिसळलेले असे. दिनांक 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशांच्या मस्तकातील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून शुद्ध बीज केंद्रात तयार करणे शक्य झाले.

हे तिन्ही मासे एकाच तलावात सुखाने राहतात. कटला वरच्या थरातील सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी अन्न शोधतो. म्हणून शंभर बीजांत कटला 40, रोहू 30 व मृगळ 30 असे प्रमाण ठेवल्यास तलावातील सर्व थरांचे अन्न उपयोगात येते.

नुकसान कोठे होते

अंड्यातून निघालेल्या पिलास मत्स्यजिरे म्हणतात. त्याची लांबी अवघी 6 ते 8 मिलिमीटर असते. सुमारे 25 मिलिमीटरपर्यंत वाढल्यावर त्यास मत्स्यबीज व त्याहून मोठे झाल्यावर बोटुकली म्हणतात. जिरे स्वस्त मिळते, म्हणून लाखाच्या संख्येने ते थेट तलावात सोडण्याचा मोह होतो. परंतु तलावात मरळ, शिवडा यांसारखे मांसाहारी मासे आणि पाणकिडे आधीपासूनच असतात. जिरे हे त्यांचे आयते भक्ष्य होय. जुलै-ऑगस्टमध्ये तलाव भरून सांडवा वाहू लागला म्हणजे उरलेल्यापैकी कित्येक पिले पाण्याबरोबर निघून जातात. पुढे भातासाठी मोरी उघडली असता आणखी काही शेतात जातात.

सुमारे 100 मिलिमीटर, म्हणजे चार बोटे रुंदीहून थोडी अधिक लांबीची बोटुकली पाणकिड्यांच्या आटोक्यात येत नाही. बहुतेक मांसाहारी माशांनाही ती सहज गिळता येत नाही. सांडव्याला व मोरीला बांबूची बारीक ताटी लावल्यास ती बाहेर जात नाही. म्हणून एक लाख जिऱ्यापेक्षा दहा हजार बोटुकल्या अधिक मासळी देतात.

बोटुकली गावातच वाढवावी

पाच हेक्टरांच्या तलावासाठी दहा गुंठ्यांचे संगोपन तळे पुरेसे होते. उन्हाळ्यात ते पूर्ण कोरडे करावे, म्हणजे मांसाहारी मासे उरत नाहीत. कोरडे होत नसेल तर मोहाची ढेप वापरावी. पाण्याची खोली एक मीटर असल्यास दहा गुंठ्यांस 250 किलो ढेप लागते. तिच्या विषारी अंशाने तळ्यातील मासे मरतात व पुढे तीच ढेप खताचे काम करते. ढेप टाकल्यावर सुमारे तीन आठवडे बीज सोडू नये. हा उपाय केवळ संगोपन तळ्यासाठी आहे. गावतलावात विष कदापि टाकू नये, कारण तेथील मरळ, शिंगाडा व लहान गावरान मासे हे गरिबांचे रोजचे अन्न आहे.

नंतर दहा गुंठ्यांस 20 ते 25 किलो चुना व शेणखत द्यावे. पाणकिड्यांचा नाश करण्यासाठी बीज सोडण्याच्या आदल्या दिवशी साडेपाच किलो वनस्पती तेल व पावणेदोन किलो साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरावे. वारा नसताना हे काम करावे.

या तळ्यात 25 मिलिमीटरचे 20 हजार मत्स्यबीज सोडून भाताचा कोंडा व शेंगदाण्याची ढेप समप्रमाणात खाऊ घातल्यास दोन ते तीन महिन्यांत त्यांतील निम्मे, म्हणजे दहा हजार तरी, बोटुकल्या म्हणून हाती यावेत. गावतलावात खत व खाद्य न देता केवळ नैसर्गिक अन्नावर भिस्त ठेवावयाची असेल, तर हेक्टरी दोन हजार बोटुकल्या योग्य होत. म्हणजे पाच हेक्टरांची गरज भागली.

बारमाही तलावात या बोटुकल्या सांडवा थांबल्यावर लगेच सोडाव्यात. मार्च-एप्रिलमध्ये आटणाऱ्या तलावाची गोष्ट वेगळी आहे. तेथे माशास वाढीला सात-आठ महिनेच मिळतात. अशा तलावासाठी बोटुकल्या उन्हाळाभर पाणी टिकणाऱ्या शेततळ्यात दाटीने व बेताच्या खाद्यावर राखून ठेवाव्यात आणि पुढील वर्षी पुराचा जोर ओसरताच ऑगस्टअखेर सोडाव्यात. मोकळे पाणी व भरपूर अन्न मिळताच ही राखलेली बोटुकली झपाट्याने वाढते.

बीज घेताना व सोडताना

बीज मोजून घ्यावे. एक लहान वाटी भरून त्यातील बीज प्रत्यक्ष मोजावे व अशा किती वाट्या झाल्या ते पाहावे. बोटुकली पिशवीतून आणली असल्यास पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. नंतर थोडे थोडे तलावाचे पाणी आत घ्यावे व बोटुकली आपण होऊन बाहेर पडू द्यावी. हे काम सकाळी किंवा सायंकाळी करावे.

जाळ्याची आस

बोटुकली वाचवली, पण पाव किलोची असतानाच पकडली, तर सर्व श्रम वाया जातात. चांगल्या तलावात कटला वर्षभरात एक किलोपर्यंत वाढू शकतो. म्हणून बारमाही तलावात अर्धा किलोपर्यंतचा मासा निसटून जाईल एवढी मोठी आस असलेलेच जाळे वापरण्याचा ठराव संस्थेने करावा. रोजच्या गरजेसाठी लहान गावरान मासे पकडणाऱ्यांनी हाती आलेली कटला-रोहूची पिले जिवंत परत सोडावीत.

मोठ्या धरणांच्या जलाशयांत आणखी एक दक्षता हवी. तेथे पावसाळ्यात कटला-रोहू वर येणाऱ्या नदीच्या मुखाकडे अंडी घालण्यासाठी जातात. त्या वेळी मुखाशी जाळे लावणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळून खाणे होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक तलावाची एक वही ठेवावी. तीत बीज सोडल्याची तारीख, संख्या व लांबी, सांडवा वाहण्याचे दिवस, मोरी उघडल्याची तारीख, आणि निघालेल्या मासळीचे जातवार वजन नोंदवावे. पाणी वापरणारे शेतकरी व मासेमारी संस्था यांना सप्टेंबरात एकत्र बसवून तलावातील किती पाणी अखेरपर्यंत राखावयाचे ते ठरवावे. भाताची शेवटची पाळी व मासळीची वाढ ही दोन्ही त्याच पाण्यावर अवलंबून आहेत. हा निर्णय वेळेवर झाला नाही, तर डिसेंबरात तंटा होतो व तोट्यात बहुधा ढिवर बांधवच राहतात. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती असल्या म्हणजे संस्थेला पुढील बीज केव्हा व केवढे घ्यावे हे आपल्याच तलावाच्या अनुभवावरून ठरवता येईल.