दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा

आमचा बंड्या नऊ महिन्यांचा लॅब्रॅडॉर. एका सकाळी पुढचा उजवा पाय अधांतरी धरून उभा राहिला. डॉक्टरांनी एक्स-रे बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "इथे जरा पांढुरकं वाटतंय. पॅनोस्टिआयटिस असेल, संसर्ग असेल. गाठ नाहीच, असं आज म्हणणार नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा." त्या दोन आठवड्यांत घरात काय करायचं, ते मी धडपडत शिकले.

दवाखान्यातून निघण्याआधीच तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : डॉक्टरांच्या मनात कोणकोणते आजार आहेत, ते वेगळे कशावरून ओळखणार, आणि काय दिसलं तर दोन आठवडे थांबायचं नाही. एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल मागा. मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून दुसऱ्या डॉक्टरांना फारसं काही सांगता येत नाही. चांगल्या पायाचाही एक्स-रे तुलनेसाठी हवा का, तेही विचारा. वाढत्या पिल्लाच्या हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते आणि ती एक्स-रेत काळ्या चिरेसारखी दिसते. मी तिला फ्रॅक्चर समजून रिक्षात रडून घेतलं होतं.

थांबायला सांगतात, त्यामागे कारण असतं. पॅनोस्टिआयटिस म्हणजे लांब हाडांच्या आतल्या पोकळीचं दुखणं. ते साधारण पाच ते अठरा महिन्यांच्या, मोठ्या जातीच्या कुत्र्यांना होतं, जर्मन शेफर्डला जास्तच, आणि वाढ पुरी होता होता आपसूक जातं. पण कुत्रं आधी लंगडतं आणि एक्स-रेवर खूण दहाएक दिवसांनी उमटते. हाडाचा कॅन्सर बहुतेक उतारवयातला, तरी दीड-दोन वर्षांच्या कुत्र्यांतही तो अधूनमधून सापडतो. म्हणून डॉक्टर जपून बोलतात.

घरी आल्यावर पहिलं काम गोळ्यांचा डबा उंचावर ठेवण्याचं. सासूबाईंची गुडघ्याची गोळी "अर्धीच देऊ" म्हणून माझ्या हातात आलीच होती. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं बिघडतात. पॅरासिटामॉल यकृतावर जातं. वेदनाशामक डॉक्टरांनी दिलेलंच, दिलेल्या मापातच द्या. ते चालू असताना कुणी स्टेरॉइड सुचवलं, तर आधीच्या गोळीचं नाव सांगितल्याशिवाय देऊ नका, दोन्ही एकत्र धोक्याची आहेत. शिवाय स्टेरॉइडने लंगडणं थांबल्यासारखं वाटतं आणि आत संसर्ग असेल तर तो बळावतो.

कॅल्शियमचं सिरपही मनाने पाजू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम बाधतं. मात्र पिल्लू महिनोन्‌महिने दूध-पोळीवर किंवा भात आणि बोनलेस चिकनवर वाढलं असेल, तर ते डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा. अशा खाण्यात कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त. हाडं पातळ होतात आणि लंगडण्याचं कारण तेच निघू शकतं. गोचिडं सापडली असतील तर तेही सांगा, गोचीडतापातही सांधे दुखतात.

आता वही. रोज तारीख, कोणता पाय, किती टेकवतो, जेवण, ताप. कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. एक दिवसाआड व्हिडिओ घ्या : कठीण, सपाट जमिनीवर, समोरून, मागून आणि बाजूने. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकला की खाली येतं. दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं बऱ्याचदा नीट चालतं, तेव्हा हाच व्हिडिओ कामी येतो.

विश्रांती म्हणजे पट्टा लावून शी-शूपुरतं बाहेर. जिना नाही, सोफ्यावरून उडी नाही. गुळगुळीत फरशीवर जुनी सतरंजी घाला. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांमागे. नऊ महिन्यांच्या लॅब्रॅडॉरला गप्प बसवणं हे खरं तर यातलं सगळ्यात अवघड काम. आम्ही जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत त्याचे खाण्याचे दाणे लपवायचो. हुंगून काढण्यात वीस मिनिटं जायची, मग तो झोपायचा.

पाय अजिबात टेकत नसेल, एका जागी गरम सूज असेल, ताप १०३ च्या वर असेल, जेवण सोडलं असेल किंवा एकदम किंचाळून पडला असेल, तर दोन आठवडे विसरा, लगेच न्या.

दुसरा एक्स-रे जमल्यास त्याच मशीनवर, त्याच कोनातून काढून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायला सांगा. तरीही उलगडलं नाही तर बायॉप्सीची गोष्ट निघते. ती भूल देऊन करतात, हाड तिथे काही काळ कमजोर होतं आणि तुकडा कडेचा निघाला तर उत्तर अर्धवट येतं. म्हणून किती तुकडे घेणार, ते आधी विचारा. संसर्गाची शंका असेल तर एक तुकडा कल्चरसाठी निर्जंतुक डबीत वेगळा जायला हवा. फॉर्मॅलिनमध्ये पडला की त्यातून जंतू वाढवून बघता येत नाहीत.

आमच्या वहीत बाराव्या दिवशी लिहिलंय : 'पुढचा उजवा बरा. आज मागचा डावा.' मला वाटलं, आता दुसराही पाय गेला. डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. एका पायातून दुसऱ्या पायात फिरणारं लंगडणं ही पॅनोस्टिआयटिसची खूण, म्हणाले, आणि एक्स-रेसाठी बंड्याला टेबलावर घ्यायला सांगितलं.