सर्व्हरवर रेड लावून घेताय? कोटेशनवर सही करण्याआधी हे विचारा

दवाखाना, पतसंस्था, सीएचं ऑफिस, छोटा कारखाना. स्वतःचा सर्व्हर घेताना प्रत्येकाच्या कोटेशनवर एक मोघम ओळ असते: ‘रेड कॉन्फिगरेशनसह’. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एक व्हर्च्युअल डिस्क बनवणं. ते काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. पण तेव्हा चुकीची निवड झाली, तर पुढे बहुतेक वेळा सगळा डेटा बाहेर काढून, डिस्क पुसून, पुन्हा भरावा लागतो. म्हणून विचारायचं ते आधीच विचारा. इथे डेलच्या पॉवरएज सर्व्हरचं उदाहरण घेतलं आहे. इतर कंपन्यांत मेन्यूची नावं बदलतात, प्रश्न तेच राहतात.

पहिला प्रश्न कंट्रोलरचा. कार्डाचा मॉडेल नंबर कोटेशनवर लिहून घ्या. एस150 हे सॉफ्टवेअर रेड आहे, त्यात वेगळं कार्ड नसतं. एच355 कार्डावर रेड 0, 1 आणि 10 एवढंच होतं. रेड 5 किंवा 6 हवं असेल तर ते उपयोगाचं नाही. एच755 वर 5, 6, 50, 60 सगळं चालतं आणि वीज गेली तरी जपली जाणारी 8 जीबी कॅशे मिळते. किंमत कमी दाखवायची असली की कात्री बहुधा या कार्डावरच चालते.

आता डिस्कचा हिशेब. समजा 4 टीबीची एक डिस्क 20,000 रुपयांना पडते (आकडा फक्त हिशेबापुरता). चार डिस्कचे 80,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 14,400, एकूण 94,400. रेड 5 मध्ये वापरायला 12 टीबी मिळतात, म्हणजे टीबीला साधारण 7,870 रुपये. रेड 6 किंवा रेड 10 मध्ये 8 टीबीच मिळतात, टीबीला 11,800. दोनच डिस्क घेऊन रेड 1 केलं तरी दर तोच, जागा मात्र 4 टीबी. रेड 0 मध्ये पूर्ण 16 टीबी दिसतील, पण एक डिस्क गेली की सगळं गेलं. ऑफिसच्या कामाला ते लावूच देऊ नका. विंडोजमध्ये 4 टीबीची डिस्क 3.63 टीबी दिसते. ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे, विक्रेत्याची लबाडी नव्हे.

स्वस्त म्हणून रेड 5 कडे ओढा असतो. मोठ्या, फिरत्या डिस्कसाठी ते घेऊ नका. एक डिस्क बदलल्यावर 4 टीबीचा रिबिल्ड सेकंदाला 100 एमबीच्या वेगानेही अकरा तासांवर जातो, आणि कामाच्या वेळेत त्याहून बराच लांबतो. तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर पूर्ण ताण असतो, आणि त्यातली दुसरी गेली की संपलं. नुसत्या फाइली साठवायच्या असतील तर रेड 6. टॅली, बिलिंग किंवा डेटाबेस चालवायचा असेल तर रेड 10. जास्तीचे पैसे इथेच घाला.

आता कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च. सर्व्हरच्या पुढच्या रिकाम्या खणांत नुसती प्लास्टिकची झाकणं असतात, त्यांत डिस्क बसत नाही. नंतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्त डिस्क आणाल, तर ट्रे वेगळा घ्यावा लागेल, आणि त्या डिस्कवर सर्व्हर कंपनीची वॉरंटी नसेल. एसएएस आणि साटा, किंवा एसएसडी आणि फिरती डिस्क, एकाच व्हर्च्युअल डिस्कमध्ये मिसळता येत नाहीत. हॉट स्पेअर, म्हणजे बिघाड होताच आपोआप कामाला लागणारी राखीव डिस्क, हवी तर एक डिस्क जास्त. घरबसल्या सर्व्हरचा स्क्रीन बघायचा तर आयड्रॅकचं (डेल सर्व्हर दुरून सांभाळण्याची सोय) एंटरप्राइझ लायसन्स लागतं, त्याचे पैसे निराळे. वॉरंटीत बिघडलेली डिस्क कंपनी परत नेते. रुग्णांच्या किंवा सभासदांच्या नोंदी बाहेर जाऊ द्यायच्या नसतील, तर डिस्क स्वतःकडे ठेवण्याची सेवा आधीच विकत घ्या. जुना सर्व्हर घेत असाल तर सर्व्हिस टॅग तुमच्या नावावर करून मागा.

प्रत्यक्ष काम सुरू होईल तेव्हा शेजारी बसा. सर्व्हर चालू होताना एफ2, मग डिव्हाइस सेटिंग्ज, रेड कंट्रोलर, कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट आणि क्रिएट व्हर्च्युअल डिस्क. रेडची पातळी निवडा, डिस्कवर खुणा करा, नाव द्या. ‘डेटा’, ‘सिस्टिम’ अशी ओळखू येणारी नावं ठेवा. कॅशेसाठी राइट-बॅक निवडा. कार्डावरची बॅटरी बिघडली तर कंट्रोलर आपणहून राइट-थ्रूवर जातो, काम मंदावतं पण डेटा सुरक्षित राहतो. ‘फोर्स राइट-बॅक’ मात्र करू देऊ नका. वेग छान दिसतो, पण बॅटरी नसताना वीज गेली की कॅशेमधल्या नोंदी जातात. यूपीएस असला तरी माझं मत हेच.

फास्ट इनिशियलायझेशन काही सेकंदांत होतं, फुल इनिशियलायझेशनला कित्येक तास लागतात. दोन्हींत जुना डेटा जातो. दुसऱ्या सर्व्हरमधल्या डिस्क लावल्यावर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ दिसलं तर ‘क्लिअर’ दाबू नका; आधी ‘इम्पोर्ट’चा पर्याय तपासायला सांगा. घाईत दाबलेल्या त्या एका बटणापायी लोक डेटा रिकव्हरीवाल्यांच्या दारात जातात.

काम संपल्यावर हे कागद मागून घ्या: तुमच्या नावाचं जीएसटी बिल, सर्व्हिस टॅग, वॉरंटी संपण्याची तारीख, कोणत्या खणात कोणत्या सीरियल नंबरची डिस्क आहे त्याची यादी, रेडची पातळी आणि कॅशे पॉलिसी, आयड्रॅकचा पासवर्ड. नवा पासवर्ड तुम्हीच टाका. एएमसीत डिस्क बदलायला माणूस किती तासांत येईल आणि डिस्कची किंमत त्यात धरली आहे का, हेही लिहून घ्या.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून खोडलेली फाइल आणि रॅन्समवेअरने बंद केलेला डेटा सगळ्या डिस्कवर सारखाच बिघडतो. तुमची नोंदणीकृत कंपनी असेल, तर कंपनी (अकाउंट्स) नियमांच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. त्याची तजवीज आणि खर्च याच कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत मागा.

खरा डेटा भरण्याआधी इंजिनिअरला चालू सर्व्हरमधून एक डिस्क बाहेर काढायला सांगा. तुमच्या ईमेलवर इशारा आला पाहिजे. डिस्क परत बसवल्यावर रिबिल्ड सुरू होऊन पूर्ण झाला पाहिजे. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.