जागेच्या दलालास पेढी हवी काय?

गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांच्या घरांतील पुष्कळ तरुण मंडळी भुसार, किराणा, कापड या वडिलोपार्जित धंद्यांत न शिरता घरे, प्लॉट व जमिनी यांच्या दलालीकडे वळू लागली आहेत. त्यात गैर काही नाही. दलाली आपल्याला परकी नव्हे. एकाचा माल दुसऱ्यास विकून देऊन आपली ठरलेली रक्कम घेणे, हाच अडतीचा अर्थ होय. परंतु या तरुणांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, हमरस्त्यावर काचेच्या दाराचे कार्यालय थाटल्यावाचून हा धंदा चालेल काय? आणि त्यांच्या वडिलांचा प्रश्न असा की, खिशात फोन असताना भाड्याची जागा हवीच कशाला? आम्ही घाऊक धान्याचे व्यापारी. जागेच्या दलालीत आम्ही कधी पडलो नाही. तथापि दोन्ही बाजूंची मंडळी आमच्या गादीवर येऊन बसतात व आमचे मत विचारतात. त्यामुळे या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस भाग पडले.

आमच्या धंद्यात जागेवाचून गत्यंतरच नाही. गाडी आली की पोती उतरवावयास वखार हवी, तोलावयास काटा हवा, आणि गिऱ्हाइकाने मूठभर ज्वारी घेऊन दाणा दाताखाली फोडून पाहावा यासाठी ओटा हवा. जागेच्या दलालाचा माल मात्र जागचा हलत नाही. अनगोळचा प्लॉट अनगोळातच राहतो. गिऱ्हाइकालाच तेथे न्यावे लागते. मग कार्यालयात ठेवावयाचे तरी काय? आमच्या मते दोनच वस्तू: कागद, आणि लोकांच्या खाजगी गोष्टी. घर विकणारा मुलीच्या लग्नासाठी विकतो आहे की कर्जापायी, भाऊबंदांत तेढ आहे की काय, किंमत कोठवर खाली येईल, हे सारे दलालाच्या कानी येते. या दोन वस्तू राखता येतील एवढी जागा त्यास हवीच. त्याहून अधिक जागा हवी की नको, हा हिशेबाचा प्रश्न आहे.

तो हिशेब करून पाहू. उदाहरणादाखल समजा, गाळ्याचे भाडे महिना १२,००० रुपये, बसावयास ठेवलेल्या मुलाचा पगार ११,०००, आणि वीज, फोन, चहापाणी मिळून ३,००० रुपये. म्हणजे महिना २६,००० व वर्षास ३,१२,००० रुपये झाले. अनामत रक्कम व फर्निचर यांत गुंतलेला पैसा वेगळाच. आता ४० लाखांच्या फ्लॅटवर एका बाजूकडून एक टक्का दलाली मिळाली तर ४०,००० रुपये हाती येतात. म्हणजे वर्षातील पहिले आठ सौदे निव्वळ गाळ्याच्या पायरीवर वाहावयाचे. दोन दलालांत दलाली वाटून घ्यावी लागली, आणि नवशिक्यास ती बहुधा वाटूनच घ्यावी लागते, तर हाच आकडा सोळावर जातो. पहिल्या वर्षी सोळा सौदे करणारा तरुण आमच्या तरी पाहण्यात नाही.

खर्च फार होतो एवढेच म्हणावयाचे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. खरी भीती निराळी आहे. भाडे दलालास घाई करावयास लावते. धान्याचा व्यापारी मंदीत माल वखारीत ठेवून थांबू शकतो. भाडेकरू दलालापाशी थांबवून ठेवण्याजोगे काही नसते. महिना संपत आला की त्यास कोणता तरी सौदा ‘जुळवावाच’ लागतो.

आमच्या परिचयातील एका तरुणाचे असेच झाले. टिळकवाडीत त्याने मोठ्या हौसेने गाळा घेतला होता. चौथ्या महिन्यात एक जुने घर विक्रीस आले. घर वडिलार्जित, विकणारे दोघे भाऊ. लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीची सही नव्हती. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि हा कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. वडील त्या तारखेस हयात नसले तरी हा हक्क बाधित होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. हे त्या तरुणास ठाऊक नव्हते असे नाही. परंतु भाडे थकले होते, आणि ‘ताई काही बोलणार नाही’ असे भावांनी सांगितले. विसार दिला गेला. पुढे ताई बोलली. घेणारे निवृत्त शिक्षक. भविष्यनिर्वाह निधीतून आलेली रक्कम त्यांनी त्यात घातली होती. ती परत मिळेपर्यंत दीड वर्ष लोटले, आणि तीही बिनव्याजी. तो गाळा त्यापूर्वीच बंद झाला होता. भाड्याचा बोजा नसता तर त्याने बहिणीच्या सहीसाठी महिना दीड महिना वाट पाहिली असती, याविषयी आम्हांस शंका वाटत नाही.

यावरून कोणी असे म्हणेल की, मग पत्ताच नको. फोनवर सौदे करावेत. हे दुसरे टोक होय, आणि ते पहिल्याहून वाईट. जागेच्या व्यवहारात कुरबुर सुरू होते ती पैसे दिल्यानंतर. विसारपावती किंवा साठेखत झाले म्हणजे घर आपले झाले अशी पुष्कळांची समजूत असते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या विक्रीच्या करारातून मिळकतीवर कोणताही हक्क निर्माण होत नाही, तो नोंदलेल्या खरेदीखतानेच मिळतो. या मधल्या काळात घेणाऱ्यास काही विचारावयाचे असले तर त्याने कोठे जावे? फोनचा क्रमांक एका दिवसात बदलता येतो. आमच्या दुकानातून घेतलेल्या तांदळात खडा निघाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन पायरीवर उभे राहते, आणि त्याच भीतीने आम्ही तांदूळ नीट निवडून ठेवतो. पेढीचा उपयोग गिऱ्हाईक येण्यासाठी जेवढा, त्याहून अधिक ते परत येऊ शकावे यासाठी असतो.

सरकारही पत्ता मागतेच. २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पांतील प्लॉट किंवा फ्लॅट विकावयास मदत करणाऱ्या दलालाने स्वतःची नोंदणी करणे सक्तीचे आहे, आणि ती राज्यागणिक वेगळी. बेळगावात बसून चंदगड किंवा कोल्हापूरकडील प्रकल्पाचे काम करणाऱ्याने महाराष्ट्राचीही नोंदणी घेतली पाहिजे; तेथे २०२३ पासून दलालांस प्रशिक्षण व परीक्षा लागू झाली आहे, आणि नोंदणीचा क्रमांक धंद्याच्या मुख्य जागी ठळकपणे लावावा लागतो. पेठेतील जुन्या वाड्याची फेरविक्री मात्र या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. तेथे गिऱ्हाइकास आधार एवढाच की, दलाल अमुक ठिकाणी बसतो.

तिजोरीसाठी मात्र कोणी जागा घेऊ नये. १ जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रकमेचा विसार रोखीने घेण्यास आयकर कायद्याने बंदी आहे आणि घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. दुसऱ्याचा रोख पैसा संभाळण्याचे काम दलालाकडे राहिलेलेच नाही. राहिले असेल तर ते त्याने सोडावे.

धंद्याचा प्रकार कोणता यावरही बरेच अवलंबून आहे. भाड्याची घरे पाहून देणाऱ्याला वस्तीतील लहानसा गाळा खरोखर उपयोगी पडतो. विद्यार्थी, बदलीवर आलेले नोकरदार, लष्करातील कुटुंबे रस्त्याने जाता जाता पाटी वाचून आत शिरतात. उलट जुन्या मिळकती विकणारे वारस हल्ली पुण्यामुंबईस, काही तर परदेशी असतात. ते पेढीची पायरी चढणारच नाहीत. त्यांना कागदांची स्वच्छ छायाचित्रे व वेळेवर उत्तर हवे असते. घरच्या ओसरीवर हा धंदा करावा असे काहीजण सुचवतात, पण ते आम्हांस फारसे रुचत नाही. रात्री नऊ वाजता अनोळखी माणसे घरात, एकाची अडचण दुसऱ्याच्या कानी, आणि एकट्या आलेल्या बाईमाणसास परक्याच्या घरात पाऊल टाकण्याचा संकोच. नाइलाज असेल तर निदान त्या खोलीस बाहेरून वेगळे दार असावे.

आपल्या सभासदांच्या मुलांपाशी एक भांडवल आयते असते, ते म्हणजे वडिलांचे दुकान. रविवार पेठेतील वा कोणत्याही बाजारपेठेतील दुकानाच्या एका अंगास लाकडी आडोसा घालून एक टेबल, तीन खुर्च्या व कुलपाचे लोखंडी कपाट मांडले की नवशिक्याची पेढी झाली. पत्ता गावास ठाऊक असलेला, आणि डोक्यावर भाडे नाही. मात्र धंदा मुलाने स्वतःच्या पॅनवर व स्वतःच्या बँक खात्यावर करावा. सेवांच्या बाबतीत वस्तू व सेवा कराची नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की लागते, आणि दलालाची उलाढाल म्हणजे त्याची दलाली, घराची किंमत नव्हे. परंतु हीच दलाली वडिलांच्या नोंदणीकृत भुसार पेढीच्या खात्यात दाखविली तर पहिल्या रुपयापासून तिच्यावर १८ टक्के कर बसेल. पुढे मुलाची स्वतंत्र नोंदणी करावयाची झाल्यास दुकानमालक या नात्याने वडिलांचे संमतिपत्र व विजेचे बिल जोडावे लागते.

कपाटात मूळ दस्तऐवज ठेवू नयेत, नकला ठेवाव्यात. मूळ कागद घेण्याची वेळ आलीच तर पावती द्यावी व कागद कोणत्या दिवशी परत केला ते लिहून सही घ्यावी. पाटीवर नावाबरोबर भेटण्याची वेळ लिहावी, समजा सायंकाळी पाच ते सात, आणि त्या वेळी खुर्ची रिकामी असू नये. दिवसाचे उरलेले तास जागा दाखविण्यास व नोंदणी कचेरीच्या फेऱ्यांस लागतातच. एका वहीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद करावी, व ते पाटी पाहून आले, ओळखीने आले की फोनवरून, हेही टिपावे. वर्षअखेर ही वही उघडून पाटी पाहून आलेल्यांपैकी किती सौदे पुरे झाले ते मोजावे. ती दलाली गाळ्याच्या वर्षभराच्या खर्चाहून अधिक भरली तर स्वतंत्र जागेची चौकशी करावयास हरकत नाही, आणि तीही प्रथम अकरा महिन्यांच्याच करारावर.