पुसलेले फोटो परत मिळवताना

स्नेहसंमेलनाचे फोटो चुकून डिलीट झाले, तर आम्ही विद्यार्थ्यांना एकच सांगतो : त्या कार्डावर आता एकही नवा फोटो काढू नका. डिलीट केल्याने चित्र लगेच जात नाही. कार्डातील यादीत त्याच्यावर खूण होते, ती जागा रिकामी समजली जाते. नवा फोटो तिथे बसला, की आजोबांच्या हस्ते बक्षीस घेतानाचा जुना फोटो कायमचा गेला!

एसडी कार्डाच्या कडेची लॉकची खिटी सरकवून ते संगणकाला जोडावे व 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्राम चालवावा. तो यादीवर विसंबत नाही, जेपीईजी फाइलीची सुरुवातीची खूण शोधतो. म्हणून फोटो मिळाले तरी जुनी नावे सहसा मिळत नाहीत. सापडलेले फोटो संगणकातच उतरवावेत, त्या कार्डावर मुळीच नाही.